मागच्या इंजिनाची जुनी मालवाहू गाडी घेताना: सीमाभागातील सभासदांसाठी माहिती

आपल्या अनेक कुटुंबांच्या संसाराला पहिला हातभार तीन चाकांच्या मालवाहू गाडीने लावला. निपाणीत तंबाखूची पोती, बेळगावात भाजीची टोपली, खानापूर-चंदगडकडे दुधाची घागर आणि भाद्रपदात गणपती, हे सगळे याच गाडीतून आले-गेले. आता घरातील तरुण मंडळी अशी जुनी गाडी शोधून, दुरुस्त करून ठेवू पाहतात. कोणाला आजोबांची आठवण जपायची असते, कोणाला तिच्यावर चहाचा किंवा वडापावचा गाडा काढायचा असतो. हौस चांगली आहे, पण कागद अडले की पैसे घालून बसलेली गाडी अंगणातच गंजते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

गाडीची ओळख

आपण छोट्या मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो. हे मूळ जर्मन कंपनीचे नाव. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली आणि गाडीचे नाव भाषेत रुळले. मात्र त्या तीन चाकी टेम्पोचे इंजिन पुढे असे. १९६९ मध्ये आलेल्या मॅटॅडोरचेही पुढेच.

मागच्या इंजिनाची परंपरा वेगळी. इटलीत पियाजिओ कंपनीने स्कूटरच्या सुट्या भागांवरून १९४८ मध्ये 'आपे' ही मालवाहू तीन चाकी काढली. बजाज ऑटोला दोन व तीन चाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने उत्पादन सुरू झाले. १९७१ मध्ये बजाजची तीन चाकी मालगाडी आली. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन चालकाच्या सीटखाली असे. मागच्या इंजिनाची बजाज रिक्षा १९७७ मध्ये आली. पुढे पियाजिओची आपे बारामतीच्या कारखान्यातून आपल्या रस्त्यांवर उतरली.

जगातही ही मांडणी लोकप्रिय होती. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० पासून आणि जपानची सुबारू सांबर १९६१ पासून मागच्या इंजिनावरच चालली. कारण सोपे आहे. इंजिन, गियरपेटी आणि चाके एकाच ठिकाणी असल्याने लांब शाफ्ट लागत नाही, गाडी हलकी व स्वस्त होते आणि चालकाच्या पायाखाली उष्णता राहत नाही. तोटाही त्यातच आहे. इंजिनावर माल येत असल्याने मागची फळी उंच होते, चाकांनी उडवलेली धूळ थेट इंजिनाकडे जाते आणि मागे जास्त भार टाकला की पुढचे चाक हलके पडते.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे

पत्रा: इंजिन पुन्हा बांधता येते, सांगाडा कुजला की खर्चाला अंत नसतो. खानापूर, चंदगड, आंबोली या पावसाच्या पट्ट्यातील आणि गोवा-कोकणातील खाऱ्या हवेतील गाडीचा तळ, मागच्या चाकांच्या आर्मचे जोड आणि इंजिन टेकते ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी. ताजा काळा रंग मारलेला असेल तर अधिकच. निपाणी-चिकोडीच्या कोरड्या भागातील गाडी सहसा बरी निघते, पण मीठ, मासे किंवा खत वाहिलेली असेल तर तिथलाही पत्रा वाचत नाही.

इंजिन: जुन्या बजाजचे पेट्रोल इंजिन टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचे, १४५.४५ सीसीचे आणि हवेने थंड होणारे आहे. गाडी चालताना समोरचा वारा मागच्या इंजिनाला मिळत नाही, म्हणून पंखा आणि त्यावरचे पत्र्याचे आवरण शाबूत असलेच पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांवर ते आवरण काढून टाकलेले आढळते. अशा इंजिनात पिस्टन जाम झालेला असण्याची शक्यता धरूनच भाव करावा. टू-स्ट्रोक थोडा धूर टाकतेच, पण इंजिन तापल्यावरही दाट धूर येत असेल आणि गियरपेटीतील तेल कमी होत असेल तर क्रँकचे सील गेलेले असते.

केबल व ब्रेक: हँडलपासून मागच्या इंजिनापर्यंत गियर, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या लांब केबल जातात. गियर अडकतो तेव्हा पुष्कळदा दोष पेटीत नसून केबलमध्ये असतो. तिन्ही चाकांचे ब्रेक स्वतंत्र तपासावेत.

पेट्रोल: आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या व वायसर त्याने फुगतात, म्हणून त्या सुरुवातीलाच बदलाव्यात.

बोअरिंग, लेथ आणि ओतकामासाठी आपला भाग भाग्यवान आहे. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर येथे कामाचे जाणते मिस्त्री आहेत.

कागद: खरी परीक्षा

निपाणीची नोंदणी चिकोडीच्या केए-२३ मध्ये, बेळगावची केए-२२ मध्ये आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरची एमएच-०९ मध्ये होते. गाडी पलीकडून घेतली की राज्य बदलते. मग पुढील गोष्टी लागतात:

• मूळ आरटीओची एनओसी (नमुना २८). कर्ज, कर किंवा पोलीस नोंद बाकी असेल तर ती मिळत नाही. जुन्या आरसीवर बँकेचा बोजा असल्यास नमुना ३५ घ्यावा, कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेले असले तरी.
• मालकी बदलासाठी नमुना २९ व ३०. खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचे असते.
• मूळ मालक वारला असेल तर वारसाने आधी नमुना ३१ ने नाव लावून घ्यावे. मृताच्या नावावरून परस्पर विक्री घेऊ नये.
• नव्या राज्यात नवा क्रमांक (नमुना २७) आणि तिथला कर. आधीच्या राज्यात भरलेला कर आपोआप वळता होत नाही, परताव्याचा अर्ज वेगळा करावा लागतो.
• चासी व इंजिन क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा आरसीशी अक्षर न अक्षर जुळवून पाहावा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकाची नोंद वाहन पोर्टलवर चढली आहे का, हेही पाहावे. कन्नडमधील शेरे जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. आठ वर्षांपुढील गाडीला ते दरवर्षी लागते आणि २०२२ पासून १५ वर्षांपुढील गाड्यांचे शुल्क बरेच वाढले आहे. ३,००० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, एवढा दिलासा आहे. विमा मात्र चुकत नाही.

'व्हिंटेज' नोंदणीचा गैरसमज

'व्हिंटेज करून घेऊ' असे विकणारे सर्रास सांगतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ही सवलत ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातील, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी प्रवासी वाहनांना आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तीन चाकी मालगाडी यात बसत नाही. शिवाय १९७७ ची पहिली मागच्या इंजिनाची गाडीसुद्धा २०२७ आधी पन्नाशी गाठत नाही. या आश्वासनावर एक रुपयाही जास्त देऊ नये.

हेतू आधी ठरवा

केवळ आठवण म्हणून अंगणात ठेवायची असेल तर अपुऱ्या कागदांची गाडीही चालेल, मात्र भाव भंगाराचा द्यावा आणि विक्रीची लेखी पावती घ्यावी. मिरवणुकीत किंवा रस्त्यावर चालवायची असेल तर पूर्ण कागदांचीच घ्यावी, थोडी महाग पडली तरी. गाडा काढायचा असेल तर हौद्याच्या बदलास कलम ५२ प्रमाणे आरटीओची आगाऊ मंजुरी आणि खाद्यपदार्थांची वेगळी नोंदणी लागते.

घरातलीच जुनी गाडी परसात उभी असेल तर विकण्याआधी तिची आरसी शोधा. पत्रा आणि इंजिन नव्याने करता येते, हरवलेल्या कागदाचा माग मात्र तो ठाऊक असलेली वडीलधारी माणसे आहेत तोवरच लागतो.