ब्लूटूथ चालू कर, पाठवतो

फोनमधला फोटो शेजारच्या फोनमध्ये कसा टाकायचा? ऑफिसात हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, आणि चार इंजिनियर जमले की पाच उत्तरं मिळतात. कोणी म्हणतो व्हॉट्सॲप कर. कोणी म्हणतो ड्राइव्हवर टाक आणि लिंक दे. कोणी ऐटीत एअरड्रॉप म्हणतो आणि नेमका समोरच्याकडे ॲण्ड्रॉइड निघतो! गंमत अशी की २००५ च्या सुमारास गिरगावात, परळात, दादरला या प्रश्नाला एकच उत्तर होतं: "ब्लूटूथ चालू कर, पाठवतो." वीस वर्षांत फोन कुठल्या कुठे गेले, आणि ते एकमेव उत्तर मात्र हरवलं. कसं काय? या वीकेंडला जरा तोच इतिहास बघू.

ब्लूटूथच्याही आधी होतं इन्फ्रारेड. फोनच्या डोक्यावर छोटी काळी काच असायची. दोन फोनच्या काचा समोरासमोर धरायच्या आणि हात हलवायचा नाही. यासाठीचं मानक ठरवणारी इन्फ्रारेड डेटा असोसिएशन १९९३ साली स्थापन झाली. साध्या फोनमधला वेग सेकंदाला ११५ किलोबिट. म्हणजे तीन एमबीचं गाणं पाठवायला, सगळं सुरळीत झालं तरी, साडेतीन-चार मिनिटं. आणि तेवढ्यात कोणाचा धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. चालत्या लोकलमध्ये तर नावच नको.

१९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून ब्लूटूथचा गट काढला. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यातली एक गोष्ट फार आवडते. फाईल देण्याघेण्याची भाषा त्यांनी नव्याने शोधली नाही. इन्फ्रारेडवाल्यांची ओबेक्स नावाची तयार भाषा होती, तीच उचलली. परिणाम असा की नोकिया ६६०० वरून सोनी एरिक्सनला, तिथून मोटोरोलाला, आणि तिथून मनीष मार्केटमध्ये घेतलेल्या बिननावाच्या चायनीज फोनलाही गाणं जायचं. समोरचा फोन कुठल्या कंपनीचा, हे कोणी विचारत नसे. दादर स्टेशनबाहेर मालवणी, गुजराती आणि तमिळ माणूस जसे एकमेकांशी बंबईया हिंदीत बोलून मोकळे होतात, तसंच हे.

ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर. दहा बाय बाराच्या खोल्या धरल्या तर चाळीतली सलग तीन घरं (मध्ये भिंती आल्या की कमी). कॉमन गॅलरीत उभं राहून आरत्या, रिंगटोन, नव्या सिनेमाची गाणी इकडून तिकडे जायची. २००५ सालीच मायक्रोएसडी कार्ड आलं आणि लॅमिंग्टन रोडपासून गल्लीतल्या रिचार्जवाल्यापर्यंत सगळीकडे "कार्डात गाणी भरून मिळतील" अशा पाट्या लागल्या. (कॉपीराइटवर नंतर कधीतरी बोलू.)

मग भिंती उभ्या राहायला लागल्या. २२ ऑगस्ट २००८ ला आयफोन अधिकृतपणे भारतात आला. त्यात ब्लूटूथ होतं, पण ते हेडसेटसारख्या गोष्टींसाठी. शेजारच्या नोकियाला एक फोटो द्यायची सोय नव्हती! आयफोनवर एअरड्रॉप आलं ते २०१३ मध्ये, आणि तेही फक्त ॲपलच्या ॲपल घरात.

ॲण्ड्रॉइडवाल्यांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे ब्लूटूथ होतं, पण फाईली फुगल्या. सेकंदाला दोन मेगाबिटच्या ब्लूटूथवरून शंभर एमबीचा व्हिडिओ म्हणजे साडेसहा मिनिटं. वायफाय कितीतरी वेगवान, आणि दोन उपकरणं थेट जोडणारं वायफाय डायरेक्ट २०१० पासून होतंही. रस्ता झाला खरा, पण त्यावर बोलायची सगळ्यांना समजेल अशी भाषा कोणी ठरवलीच नाही. ही फट शेअरइट आणि झेंडर यांनी भरली. एका फोनने हॉटस्पॉट काढायचा, दुसऱ्याने त्याला चिकटायचं, आणि डेटा पॅकमधला एक केबीही न जाता अख्खा सिनेमा पाठवायचा. डेटा एमबीत मोजून वापरायचे दिवस होते ते. अट एकच, दोघांकडे तेच ॲप हवं.

इथे भाषेची मालकी सगळ्यांकडून एका कंपनीकडे गेली. त्याचा अर्थ २९ जून २०२० ला कळला. गलवाननंतर सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, आणि त्या यादीत शेअरइट आणि झेंडर दोन्ही होती. बंदी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू. पण मानकावर अशी बंदी येत नाही, ॲपवर येते. ओबेक्स कोणा एकाचं नव्हतं, म्हणून ते आजही ॲण्ड्रॉइडमध्ये गुपचूप चालू आहे.

तोवर बहुतेकांना फरक पडेनासा झाला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सगळे व्हॉट्सॲपवर गेले. आता एकाच बाकावर बसलेल्या दोघांमधला फोटो कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला हात लावून परत बाकावर येतो.

"मग बिघडलं काय?" असं विचाराल. सांगतो.

आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जायच्या आधी तिथल्या शेवटच्या गणपतीचा अल्बम करायचं ठरलं. ग्रुपवर फोटो शेकड्याने होते. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू वर्षानुवर्षं साधारण सोळाशे पिक्सेलवर येत असे. बारा इंची प्रिंट काढली तर इंचाला १३३ पिक्सेल, हवे असतात ३००. शिवाय पाठवताना फोटोत दडलेली तारीख-वेळही पुसली जाते. म्हणजे चेहरे धूसर, आणि आरती पहिल्या दिवशीची की अनंत चतुर्दशीची, ते सांगायला कोणी नाही. चांगले निघाले ते फक्त वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या जुन्या फोनमधले, केबल लावून घेतलेले मूळ फोटो. लालबाग-परळच्या किती चाळी आता फक्त अशा फॉरवर्डमध्ये उरल्या असतील, देव जाणे.

दुसरी गोष्ट गर्दीची. विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर नेटवर्कचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, मोबाइल नेटवर्क कोलमडलं होतं. हातातून हातात जाणाऱ्या रस्त्याला टॉवर लागत नाही.

आता चांगली बातमी. गूगलचं निअरबाय शेअर २०२० मध्ये आलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सॅमसंगच्या क्विक शेअरशी एक झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० पासून क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांचं बोलणं सुरू केलं. दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल शेजारी शेजारी, तरी २०२३ च्या डिसेंबरपर्यंत एक नंबरचा प्लॅटफॉर्म दोन्हीकडे होता. पूल होता म्हणून आपलं भागलं. फोनच्या बाबतीत तो पूल आता कुठे बांधायला घेतलाय.

थोडक्यात, माझा हिशेब असा. माणूस समोर असेल तर क्विक शेअर किंवा एअरड्रॉप: फाईल मूळ रूपात जाते आणि डेटा लागत नाही. फोन जुना असेल आणि फाईल छोटी, तर ब्लूटूथ अजून मेलेलं नाही. माणूस लांब असेल तर व्हॉट्सॲप चालेल, पण फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग तो आहे तसाच पोचतो. आणि जे पुन्हा काढता येणार नाहीत, असे फोटो आधी केबलने कॉम्प्युटरवर उतरवा, मग वाटत बसा.

गणपती जवळ आले की घरातल्या मोठ्यांचे फोन एकदा मागून घ्या. मूळ फोटो बहुतेक तिथेच असतात.