माळवद
१. माळवद : मराठवाडा-सोलापूरकडच्या दगडी घरांचे सपाट, मातीचे धाबे. तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पसरत, त्यामुळे वजन वर्षागणिक वाढत जाई. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. आतबाहेर दोन थर आणि मध्ये कपच्या-मातीची भर. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशा भिंती फुटून ढासळल्या आणि माळवदे माणसांवर कोसळली. मात्र जिथे छताचा भार लाकडी खांबांनी पेललेला होता, तिथे भिंती पडूनही ते अनेक ठिकाणी टिकले. – संपा.