धानाच्या चिखलणीत ट्रॅक्टरचा क्लच का घसरतो? ओळख, कारणे आणि काळजी

आषाढात पावसाने जोर धरला की गोंडपिपरी, पोंभुर्णा, मूल आणि वैनगंगेपलीकडच्या चामोर्शी भागात सगळ्यांची चिखलणी एकदमच सुरू होते. बांधीत पाणी साचलेले असते, पऱ्हे 21 ते 25 दिवसांचे झालेले असतात, रोवणीचे मजूर ठरलेले असतात. नेमक्या अशा वेळी क्लचप्लेट जळाली, तर नुसता दुरुस्तीचा खर्च होत नाही. प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून वेगळा करावा लागतो. त्यात दिवस जातात, पऱ्ह्यांचे वय वाढते आणि जास्त वयाच्या पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. म्हणून क्लचची काळजी हा धानाच्या उत्पादनाशी जोडलेला विषय आहे.

क्लचचे काम काय?

इंजिन सतत फिरत असते. चाके मात्र कधी थांबलेली, कधी फिरती असतात. या दोघांना जोडणे आणि तोडणे हे क्लचचे काम. पेडल सोडताना प्लेट क्षणभर घसरते आणि मग पक्की पकडते. ही क्षणभराची घसरण लागतेच, नाहीतर ट्रॅक्टर झटका देऊन बंद पडेल. पण पकड बसल्यानंतर घसरण शून्य असली पाहिजे.

घसरण म्हणजे उष्णता. 45 एचपीचे इंजिन सुमारे 33 किलोवॉट शक्ती देते. पूर्ण भारावर प्लेट 10 टक्के घसरली, तर त्यातील 3 किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती क्लचच्या बंद डब्यात उष्णता होऊन साठते. एक किलोवॉटचे तीन हिटर त्या डब्यात लावून ठेवल्यासारखे ते आहे. प्लेटचे अस्तर त्यात करपते, चकाकते आणि पकड आणखी कमी होते.

जेसीबीचे पाहून ट्रॅक्टर चालवू नका

बोडी किंवा मामा तलावातला गाळ काढताना जेसीबी तुम्ही पाहिला असेल. बकेट मातीत अडते, चाके थांबतात, तरी इंजिन बंद पडत नाही. कारण तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. घसरण तेलात होते, उष्णता तेल घेते आणि ते तेल कूलरमध्ये थंड होते.

ऑटोमॅटिक गिअरच्या पिकअप गाड्यांतही हीच रचना असते. पण तेलाने जोडलेले दोन पंखे कधीच अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत. थोडी घसरण आणि थोडे डिझेल वाया जातेच. म्हणून बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत लॉकअप क्लच दिलेला असतो. गाडी एकसारख्या वेगाने चालू लागली की तो दोन्ही बाजू थेट जोडतो, इंजिनाचे फेरे थोडे खाली येतात आणि घसरण थांबते. ब्रेक दाबला किंवा चढ लागला की तो सुटतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1949 मध्येच अशी सोय गाडीत आणली होती.

यातून घ्यायचा धडा असा: घसरण सोसण्यासाठी बनवलेल्या यंत्रातसुद्धा चालू कामात घसरण नको म्हणून वेगळी सोय करावी लागते. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरचा क्लच कोरडा असतो, त्याला थंड करायला तेल नाही. तो एकतर पूर्ण दाबलेला असावा, नाहीतर पूर्ण सोडलेला. अर्धा दाबून काम करणे म्हणजे प्लेट जाळणे.

नेमके काय घसरते ते ओळखा

चिखलात चाक घसरणे नेहमीचेच आहे. त्यामुळे क्लचचा दोष लवकर लक्षात येत नाही. हा फरक पाहा:

- चाके जोरात फिरतात, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही: चाके घसरत आहेत. क्लच ठीक आहे.
- इंजिनाचा आवाज चढतो, पण चाकांचा वेग वाढत नाही: क्लच घसरत आहे.
- ट्रॅक्टर नीट चालतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि रोटाव्हेटर मंदावतो: ड्युअल क्लचमधील पीटीओची प्लेट तपासा.
- रोटाव्हेटर एकदम थांबतो, इंजिन सहज फिरत राहते: आधी रोटाव्हेटरच्या शाफ्टचा शिअर बोल्ट पाहा.
- करपल्याचा उग्र वास येतो: काम थांबवा, ट्रॅक्टर थंड होऊ द्या.

भरलेली ट्रॉली चढावर नेताना रेस वाढवूनही वेग वाढत नसेल, तर प्लेट झिजली आहे असे समजा. ही खूण उन्हाळ्यात शेणखत वाहतानाच दिसते. तेव्हाच दुरुस्ती करून घ्या.

घसरण्याची कारणे

1. पेडलवर पाय ठेवून चालवणे. आपल्याला तो हलका वाटतो, पण पकड तेवढ्यानेही सैल होते.
2. पेडलला मोकळी चाल न उरणे. अस्तर झिजते तशी ही चाल कमी होत जाते. बऱ्याच मॉडेलमध्ये ती 20 ते 30 मि.मी. असते, आपल्या ट्रॅक्टरचा आकडा पुस्तिकेत पाहा आणि पट्टीने मोजा.
3. सील गळून प्लेटवर तेल येणे.
4. क्लचच्या डब्यात पाणी व चिखल शिरणे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये डब्याखाली निचऱ्याचे छिद्र असते. चिखलणीआधी तिथे प्लग बसवा आणि काम संपल्यावर आठवणीने काढा. नाहीतर आत आलेले तेल-पाणी बाहेर पडत नाही.
5. झेपेल त्यापेक्षा मोठा रोटाव्हेटर जोडणे.

चिखलणीच्या वेळी

आपल्या भागात बांध्या लहान, त्यामुळे वळणे जास्त आणि क्लचचा वापरही जास्त. म्हणून:

- बांधीत सुमारे 5 सें.मी. पाणी ठेवा. कोरड्या, चिकट मातीत भार वाढतो.
- चिखलणी 10 ते 15 सें.मी. खोलीपर्यंत पुरे. जास्त खोल गेल्यास ट्रॅक्टर रुततो आणि रोवणीलाही त्रास होतो.
- सुरुवातीलाच खालचा गिअर निवडा. वेग कमी करायला क्लच नको, थ्रॉटल वापरा.
- धुऱ्याजवळ थ्रॉटल कमी करा, रोटाव्हेटर थोडाच उचला आणि वळा. पीटीओ चालू असताना जास्त उचलल्यास शाफ्टचा जोड तुटतो.
- पेडल दाबायचे तर पूर्ण दाबा. ड्युअल क्लचमध्ये पहिल्या टप्प्यावर चाके आणि दुसऱ्या टप्प्यावर पीटीओ थांबतो; पहिल्या टप्प्यावर फार वेळ पाय धरून ठेवू नका.

ट्रॅक्टर रुतला तर

रेस वाढवून क्लच झटक्याने सोडू नका. मागची चाके अडकलेली असतील, तर पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. सावरायला वेळच मिळत नाही. चाकाला लाकूड बांधून पुढे काढण्याचा प्रयत्न तर जिवावर बेततो. पीटीओ बंद करा आणि हळूच मागे घेऊन पाहा. निघत नसेल तर अवजार सोडा, चाकांपुढची माती खणा आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढा.

कृषी सहायक व कृषिमित्रांसाठी: खरीपपूर्व सभेत बियाणे, बीजप्रक्रिया यांसोबत पेडलची मोकळी चाल मोजून दाखवा. एक पट्टी आणि पाच मिनिटे पुरतात. मे महिन्यात केलेली ही तपासणी जुलैत रोवणी वेळेवर होण्यासाठी उपयोगी पडते.