मेट्झचा रात्रीचा वर्ग

यंत्रशास्त्राचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडा. एक ठोकळा उतारावरून घसरत असतो, एक दोरी कप्पीवरून गेलेली असते, आणि खाली प्रश्न असतो: दोरीवरचा ताण काढा. विद्यार्थी कंटाळतो आणि इतर लोक पुस्तक मिटून ठेवतात. पण त्या दोरीमागे एक इतिहास आहे, आणि त्यात कामगाराचाही वाटा आहे. तो आपणांसमोर मांडावा, एवढाच माझा हेतू. मी महाविद्यालयाची पायरी चढलेला मनुष्य नव्हे. जे शिकलो ते पाळी सुटल्यावर, संघटनेच्या कचेरीत बसून. तेव्हा भाषा साधीच राहील.

गतीचे नियम न्यूटनने १६८७ साली जगापुढे ठेवले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आज विद्यार्थी ज्या रीतीने उदाहरणे सोडवतो, ती रीत न्यूटनच्या ग्रंथात तयार सापडत नाही. त्याचे विवेचन बहुतांशी भूमितीच्या भाषेत आहे. दोऱ्यांनी आणि दांड्यांनी जखडलेल्या वस्तूंच्या गतीसाठी दालांबेरने १७४३ साली सर्वसाधारण तत्त्व सांगितले. बर्लिनच्या अकादमीत १७५० साली ऑयलरने आणखी सोपी वाट दाखवली: बलाचे तीन दिशांत भाग पाडा आणि प्रत्येक दिशेत वस्तुमान व त्वरण यांचा गुणाकार त्या बलाशी जुळवा. आजची रीत त्यातूनच घडली. वस्तू मनाने भोवतालापासून वेगळी काढायची, तिला कोण ओढते, कोण ढकलते, कोण पेलते ते बाणांनी दाखवायचे, आणि मग हिशेब मांडायचा. एकही बाण विसरला तर सारा हिशेब फसतो.

याच काळात दुसरा एक वाद चालू होता. चालत्या वस्तूचा जोर कशाने मोजावा? देकार्तचे अनुयायी म्हणत, वस्तुमान गुणिले वेग. लायब्निट्सने १६८६ साली त्याला हरकत घेतली आणि पुढे वेगाच्या वर्गाचा पक्ष मांडला. हॉलंडमध्ये ख्रावेसांडे याने १७२२च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. चौपट उंचीवरून पडलेल्या गोळ्याचा वेग दुप्पट होतो. पण मातीतला खळगा दुप्पट न होता चौपट होतो. लोहाराच्या घणाला आणि गाडीच्या ब्रेकला जे अनुभवाने कळत होते, ते या मातीने विद्वानांना सांगितले.

तरीही हे सारे अकादमीच्या भिंतींआडच राहिले होते. ते कारखान्याच्या दारापर्यंत आणणाऱ्यांत झां व्हिक्टर पाँसले हे नाव मोठे आहे. १७८८ साली फ्रान्समधील मेट्झ येथे जन्मलेला हा लष्करी इंजिनिअर नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत १८१२ साली कैद झाला. सारातोव्ह येथील बंदिवासात जवळ पुस्तक नव्हते, तेव्हा शिकलेले गणित त्याने आठवणीतून पुन्हा उभे केले. सुटून आल्यावर तो मेट्झच्या लष्करी विद्यालयात यंत्रशास्त्र शिकवू लागला. आणि १८२७ पासून १८३० पर्यंत गावातील कारागीर व कामगार यांच्यासाठी त्याने संध्याकाळचे वर्ग चालवले. दिवसा अधिकाऱ्यांना आणि रात्री सुतार-लोहारांना, असे त्याचे शिकवणे होते.

समोर असा श्रोता असला म्हणजे जड कलनशास्त्र चालत नाही. श्रोत्याला विचारायचे असते की हे पाणचक्र किती काम देईल, ही कानस किती ताकद खाते. म्हणून पाँसलेने सारे विवेचन एका कल्पनेभोवती रचले: बल गुणिले त्या बलाच्या दिशेने सरकलेले अंतर. तिला नाव दिले ‘काम’. त्याचाच देशबांधव कोरिओलिस याने १८२९ सालच्या ग्रंथात हाच शब्द पक्का केला आणि वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याचे निम्मे घ्यावे असे सुचवले, म्हणजे काम आणि गती यांचा जमाखर्च बरोबर जुळतो. पाठ्यपुस्तकातले ते ‘अर्धे’ तेथून आले.

याचा उपयोग काय, ते एका अनुभवावरून सांगतो. एका कारखान्यात क्रेनने २ टनांचा नग खाली उतरवताना साखळी तुटली आणि एका मदतनिसाचा पाय मोडला. कागदोपत्री साखळी ३ टनांची. तेव्हा दोष क्रेन चालवणाऱ्याचा, असे ठरवून त्याला चार्जशीट दिले गेले. आम्ही हिशेब मांडला. नग सेकंदाला २ मीटर वेगाने उतरत होता आणि ब्रेक लागताच २० सेंटिमीटरांत थांबला. थांबतानाचा सरासरी वेग १ मीटर, म्हणजे वेळ सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यात २ मीटरचा वेग शून्यावर आला, म्हणजे त्वरण १०. गुरुत्वाचे त्वरण ९.८, जवळजवळ तितकेच. म्हणजे साखळीला नगाचे २ टन पेलायचे होते आणि त्याला थांबवण्यासाठी आणखी २ टन ओढायचे होते. ताण ३ टनांच्या आत नव्हता, ४ टनांचा होता. नव्या साखळीने तोही सोसला असता, कारण तिच्यात जादा ताकद राखलेली असते. ही झिजलेली होती. ब्रेक झटक्याने धरतो, ही तक्रार नोंदवहीत आधीच लिहिलेली होती. चार्जशीट मागे घेतले गेले. घोषणांनी जे झाले नसते ते एका बाणाने केले; तो बाण चौकशीच्या कागदावर कोणी काढलाच नव्हता.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. यंत्रशास्त्रातले ‘काम’ म्हणजे माणसाचे श्रम नव्हेत. डोक्यावर ओझे घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या हमालाने त्या ओझ्यावर केलेले काम या व्याख्येप्रमाणे शून्य भरते. पण त्याच्या मानेला विचारा! अठराव्या शतकाच्या अखेरीस कूलोंबने माणसाच्या कामाचा अभ्यास केला, तेव्हा निष्पन्न होणारे कार्य आणि येणारा थकवा या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ओळखल्या होत्या. उत्पादनाचे आकडे पुढे करून जे विश्रांतीचा वेळ कापू पाहतात, त्यांनी हा भेद विसरता कामा नये, आणि आपणही त्यांना तो विसरू देऊ नये.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही विद्या वर्गाच्या चार भिंतींबाहेर यावी म्हणूनच. मेट्झच्या वर्गाची आणि तिची जात एकच. आपल्या घरी कोणी मूल उतारावरचा ठोकळा घेऊन अडून बसले असेल, तर त्याला उत्तर सांगू नका. एवढेच विचारा: या ठोकळ्याला कोण कोण धरून आहे? सगळे बाण काढलेस का? हा प्रश्न त्याला परीक्षेत उपयोगी पडेल. आणि पुढे कधी एखाद्या माणसावर ठपका येईल, तेव्हाही तो विचारायची सवय त्याच्या अंगी राहील.