सोमवारचे धुणे

धुण्याचे यंत्र म्हटले की बटण दाबताच आपोआप चालणारे पांढरे खोके आपल्या डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत विजेचे यंत्र प्रथम घरोघरी पोहोचले, ते मात्र असे नव्हते. त्याच्याजवळ उभे राहावे लागे. लक्ष जरा चुकले तर ते बाईचा हातही आत ओढून घेई. तरीही ते साठ वर्षांहून अधिक काळ विकले गेले.

तिकडे सोमवार हा धुण्याचा वार. पाणी आणायचे, चुलीवर तापवायचे, कपडे फळीवर घासायचे, पिळायचे, नीळ द्यायची. सगळा दिवस त्यातच जाई. जेम्स किंग यांनी १८५१ मध्ये पिंपाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पण ते पिंप फिरवायचे हातानेच! विजेची मोटार आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. शिकागोच्या हर्ले कंपनीचे ‘थॉर’ हे यंत्र त्यातलेच. आल्वा फिशर यांना त्याचे पेटंट १९१० मध्ये मिळाले.

खरा बदल झाला १९२२ मध्ये, आयोवा राज्यातल्या न्यूटन या छोट्या गावी. तोवर बऱ्याच यंत्रांत झाकणाला लटकणारा दांडा कपडे ओढून फिरवी. मेटॅग कंपनीच्या हॉवर्ड स्नायडर यांनी फिरते पाते पिंपाच्या तळाशी बसवले. आता कपडे पाण्यातून ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांतून फिरू लागले. कल्पना साधी, पण तिच्यामुळे मळ चांगला निघू लागला आणि कपडेही कमी फाटू लागले.

या यंत्रांच्या तऱ्हाही गमतीच्या. १९३० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. उरलेल्यांसाठी मेटॅगने पेट्रोलचे इंजिन बसवलेले यंत्र काढले होते. मोटारसायकलसारखी पायाने किक मारायची आणि धुराची नळी घराबाहेर सोडायची. त्याच यंत्राला जोडण्यासाठी लोणी काढायचे भांडे आणि खिमा करायचे साधनही मिळे!

पिंपाच्या वर दोन रबरी रूळ असत. कपडा त्यांच्यामधून सरकवला की पाणी पिळून खाली पिंपातच पडे. म्हणून साबणाचे एकच पाणी पुन:पुन्हा वापरता येई: आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी शेतातले मळके. पण याच रुळांत बटणे फुटत आणि बोटे अडकत. कितीतरी मुलांचे हात कोपरापर्यंत आत गेले. या दुखापतीला डॉक्टरांनी वेगळे नावच दिले. पुढे, दाबताच रूळ सैल करणारी पट्टी यंत्राला बसवण्यात आली.

१९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित यंत्र आणले. कपडे घालून निघून जावे, असे ते पहिलेच. मात्र ते इतके हादरे की जमिनीला बोल्टने पक्के करावे लागे. तरी रुळांचे यंत्र लगेच हटले नाही. त्याला पाणी कमी लागे आणि बिघाड कुठे झाला हे डोळ्यांना दिसे. मेटॅगने ते बनवणे थांबवले ते थेट १९८३ मध्ये.

त्याच वर्षी रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी एका पुस्तकातून प्रश्न विचारला: घरात यंत्रे आली, मग बायकांचे काम कमी का झाले नाही? त्यांचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. कष्ट हलके झाले, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढली. आठवड्याने बदलायचे कपडे रोज बदलू लागले. पूर्वी धोबिणीकडे किंवा लाँड्रीत जाणारे धुणेही घरी परतले. घाम वाचला, वेळ मात्र फारसा वाचला नाही.

आपल्याकडे दोन पिंपांची सेमी-ऑटोमॅटिक यंत्रे आजही विकली जातात. एका पिंपात धुवायचे, हाताने उचलून दुसऱ्यात टाकायचे. नळाला तासभरच पाणी येत असेल तिथे बादलीने पाणी ओतता येणे आणि तेच पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येणे, हा मोठाच गुण. त्या जुन्या रुळांच्या यंत्राचीच ही काटकसर.

यंत्र जुने की नवे, हा प्रश्न तसा दुय्यम. पिंपाशेजारी उभे कोण राहते, हे पाहायला हवे. ते मात्र सोमवारच्या त्या धुण्यापासून अजून फारसे बदललेले नाही.