नाशिकमधील घरबांधणी परवानगी आणि गृहवित्त

नाशिकमधील घरबांधणी परवानगी आणि गृहवित्त या विषयात स्वतःच्या भूखंडावर राहते घर बांधणाऱ्या व्यक्तीला नाशिक शहर व परिसरात घ्याव्या लागणाऱ्या शासकीय परवानग्या आणि बांधकामासाठी मिळणारे कर्ज व अनुदान यांचा समावेश होतो. परवानगी आणि वित्त या दोन्ही प्रक्रिया एकमेकींवर अवलंबून आहेत. मंजूर नकाशाशिवाय बँक बांधकामासाठी कर्ज देत नाही आणि पूर्णत्वाचा दाखला न मिळाल्यास दिलेले कर्जही परत मागू शकते. त्यामुळे जमिनीच्या कागदपत्रांतील त्रुटी किंवा मंजूर नकाशापासून केलेली फारकत यांचा आर्थिक भार अखेरीस घरमालकावरच पडतो.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात बांधकाम परवानगीचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. या अधिनियमाच्या कलम ४४ नुसार जमीनमालक नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करतो. प्राधिकरण कलम ४५ नुसार परवानगी देते, अटींसह देते किंवा नाकारते. ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच हे मानीव परवानगीचे तत्त्व लागू होते. परवानगी नाकारल्यास कलम ४७ नुसार अपील करता येते. महापालिका क्षेत्रात याच्या जोडीला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील बांधकामविषयक तरतुदी लागू असतात.

बांधकामाचे तांत्रिक नियम ३ डिसेंबर २०२० पासून अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (यूडीसीपीआर) आहेत. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता ही नियमावली राज्यभर लागू आहे. तिच्यापूर्वी नाशिक महापालिकेची स्वतंत्र नियमावली होती. शहराचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला.

नियोजन प्राधिकरणे

अर्ज कोणाकडे करायचा हे भूखंड कोणत्या हद्दीत आहे यावरून ठरते.

* नाशिक महानगरपालिका : ७ नोव्हेंबर १९८२ रोजी स्थापन झालेल्या महापालिकेचे नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड असे सहा विभाग आहेत. बांधकाम परवानगीचे काम नगररचना विभाग पाहतो. महापालिकेचे मुख्यालय शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनात आहे.
* नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण : महाराष्ट्र महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अधिनियम, २०१६ अन्वये स्थापन झालेले हे प्राधिकरण महापालिका हद्दीबाहेरील, पण महानगर प्रदेशात मोडणाऱ्या गावांसाठी आहे.
* देवळाली कटक मंडळ : देवळाली कॅम्प परिसरातील बांधकामे कटक मंडळाच्या अखत्यारीत येतात.
* महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ : सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींसाठी.

नवीन नाशिक विभाग सिडकोने वसवला असून तेथील घरे व भूखंड मुळात भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. अशी मिळकत हस्तांतरित करताना किंवा तारण ठेवताना मूळ पट्टादाराच्या, म्हणजे सिडकोच्या, ना हरकत दाखल्याचा प्रश्न येतो.

भूखंडाची तपासणी

मालकी आणि जमिनीचा वापर

गावठाणाबाहेरील जमिनीची मालकी सातबारा उतारा आणि फेरफार नोंदींवरून तपासली जाते. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक पाहिले जाते. भूखंडाच्या हद्दी भूमि अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशावरून निश्चित होतात. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचा हक्क किंवा न्यायालयीन दाव्याची नोंद असू शकते. जुन्या नाशिकमधील वाड्यांच्या मिळकतींत अनेक वारसांची नावे आणि जुने भाडेकरू असणे सामान्य आहे. अशा मिळकतीत सर्व सहधारकांची संमती किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र झाल्याशिवाय एका वारसाला परवानगी आणि कर्ज मिळणे कठीण असते.

शेतजमिनीवर घर बांधण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अकृषिक वापराची व्यवस्था आहे. अंतिम विकास आराखड्यात समाविष्ट असलेल्या जमिनींसाठी संहितेत कलम ४२ ब घालून ही प्रक्रिया सोपी करण्यात आली. अशा जमिनींना स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज नसते. रूपांतरण कर व देय रकमा भरल्यावर वापर बदलल्याचे मानले जाते.

शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे मंजूर अभिन्यासाशिवाय विकले गेल्याची उदाहरणे राज्यातील सर्वच मोठ्या शहरांत आढळतात. अशा भूखंडांवरील बांधकाम नियमित करण्यासाठी महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ करण्यात आला. २०२१ मधील दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासापर्यंत वाढवण्यात आली. नियमित न झालेल्या गुंठेवारी भूखंडावर बँका सहसा कर्ज देत नाहीत.

आरक्षणे आणि पूररेषा

भूखंड निवासी विभागात आहे का आणि त्यावर रस्ता, उद्यान, शाळा यांसारखे आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या झोन दाखल्यावरून व भाग नकाशावरून कळते. तपोवन परिसरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी जमिनी आरक्षित आहेत.

नाशिकमध्ये गोदावरी, तिला मिळणाऱ्या नंदिनी (नासर्डी) व वाघाडी, तसेच वालदेवी या नद्यांच्या काठी पूररेषेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर शहरात निळ्या आणि लाल पूररेषेची चर्चा सुरू झाली. नदीपात्र आणि निळी रेषा यांमधील भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो, तर निळ्या व लाल रेषांमधील भाग नियंत्रित क्षेत्र असून तेथे जोते पूरपातळीच्या वर ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी दिली जाते. लष्करी आस्थापनांच्या जवळ संबंधित कार्यालयाचा ना हरकत दाखला लागू शकतो.

परवानगीची प्रक्रिया

नकाशे वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खाली नोंदणी झालेला वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता तयार करतो. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ मधील नकाशानुसार नाशिक भूकंप क्षेत्र ३ मध्ये मोडते. त्यानुसार संरचना अभियंता पाया, स्तंभ व तुळयांचे आरेखन करतो. प्रस्ताव ऑनलाइन प्रणालीतून सादर होतो. प्रक्रियेचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात :

१. मालकीचे उतारे, मोजणी नकाशा, झोन दाखला आणि नकाशांसह अर्ज.
२. छाननी व स्थळपाहणी. सामासिक अंतरे, रस्त्याची रुंदी, वाहनतळ आणि चटई क्षेत्र यांची तपासणी.
३. विकास शुल्क व इतर रकमांचा भरणा.
४. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र.
५. जोत्यापर्यंत काम झाल्यावर जोते तपासणी.
६. काम संपल्यावर पूर्णत्वाची सूचना आणि भोगवटा प्रमाणपत्र.

यूडीसीपीआरनुसार दाट वस्तीबाहेरील क्षेत्रात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ आहे. त्यावर निवासी वापरासाठी अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत पूरक चटई क्षेत्र मिळू शकते. ही तरतूद करताना जिने, बाल्कनी यांसारखे पूर्वी वगळले जाणारे बहुतेक भाग चटई क्षेत्रात मोजण्यास सुरुवात झाली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे.

छोट्या भूखंडांसाठी नियमावलीत जोखमीवर आधारित सुलभ पद्धत आहे. सुमारे १,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर नियमांनुसार तयार केलेला नकाशा सादर करून शुल्क भरल्यास ती पावतीच परवानगी मानली जाते. सुमारे ३,००० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. 'परवानगीची गरज नाही' असा या सवलतीचा लोकप्रिय अर्थ अपुरा आहे. सामासिक अंतरे, उंची आणि चटई क्षेत्र यांचे नियम अशा घरांनाही लागू असतात, आणि नकाशाची प्रत व शुल्काची पावती ही पुढे कर्जासाठी आवश्यक कागदपत्रे ठरतात.

प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षासाठी वैध असते. कलम ४८ नुसार त्याला मुदतवाढ मिळू शकते, मात्र वाढीव मुदत एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त असत नाही. या काळात ठरलेल्या पातळीपर्यंत काम न झाल्यास परवानगी संपुष्टात येते.

शुल्क

१९६६ च्या अधिनियमातील प्रकरण सहा-अ नुसार निवासी वापरासाठी विकास शुल्काचा दर वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनर) मूल्याच्या जमिनीसाठी ०.५ टक्का आणि बांधकामासाठी २ टक्के असा आहे. याखेरीज छाननी शुल्क, पूरक चटई क्षेत्राचे अधिमूल्य आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का दराने कामगार कल्याण उपकर आकारला जातो. ठराविक खर्चमर्यादेखालील स्वतःच्या राहत्या घराला या उपकरातून सूट आहे.

भोगवटा प्रमाणपत्र

१९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६३ नुसार बांधकाम संपल्यापासून एका महिन्यात मालकाने आयुक्तांना सूचना देणे आणि परवानगीशिवाय इमारतीचा वापर सुरू न करणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात अनेक कुटुंबे या दाखल्याशिवाय राहण्यास जातात. अनधिकृत बांधकामावर कलम २६७ अ नुसार मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती आकारण्याची तरतूद असून छोट्या निवासी घरांना तीत सवलत देण्यात आली आहे. शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.

१७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठ येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू होणारे निर्देश दिले. त्यांनुसार पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज, पाणी व मलनिस्सारण जोडण्या द्याव्यात, तसेच इमारत तारण घेऊन कर्ज देताना बँकांनी हे प्रमाणपत्र पडताळावे, असे सांगण्यात आले.

कपाट प्रश्न

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील तफावतीचे नाशिकमधील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'कपाट प्रश्न'. इमारतींच्या नकाशांत खोलीलगत कपाटासाठी दाखवलेली जागा चटई क्षेत्रातून वगळली जात असे. प्रत्यक्षात ती खोलीत सामावून घेतल्याने अनुज्ञेय क्षेत्राचे उल्लंघन झाल्याचा आक्षेप २०१५ च्या सुमारास घेण्यात आला आणि अनेक इमारतींचे भोगवटा प्रमाणपत्र अडकले. याच काळात, २०१५ च्या अखेरीस, पाथर्डी येथील खत प्रकल्पाच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने शहरातील नवीन बांधकाम परवानग्यांवर निर्बंध आणले होते. ते पुढे शिथिल झाले.

अतिरिक्त क्षेत्र नियमित करण्यासाठी हस्तांतरणीय विकास हक्क वापरण्याचा मार्ग होता, पण त्यासाठी रस्त्याची किमान रुंदी आवश्यक होती. शहरातील अनेक वसाहतींतील रस्ते सहा व साडेसात मीटरचे असल्याने, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली ते नऊ मीटरपर्यंत रुंद करण्याचा पर्याय पुढे आला. राज्य शासनाने २०१७ मध्ये १९६६ च्या अधिनियमात कलम ५२ अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या काही अनधिकृत बांधकामांसाठी प्रशमन शुल्काचे धोरणही आणले. हा प्रश्न प्रामुख्याने सदनिकांचा असला, तरी नकाशाबाहेरचे थोडे क्षेत्रही भोगवटा दाखला रोखू शकते, हा त्यातील मुद्दा वैयक्तिक घरांनाही लागू पडतो.

गृहवित्त

घरबांधणीचे कर्ज राष्ट्रीयीकृत व खासगी बँका, गृहवित्त कंपन्या आणि नागरी सहकारी बँका देतात. नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँक ही शहरातील जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी आहे. राष्ट्रीय आवास बँकेची स्थापना १९८८ मध्ये झाली. गृहवित्त कंपन्यांचे नियमन ऑगस्ट २०१९ पासून रिझर्व्ह बँकेकडे आहे.

कर्जाची मर्यादा

रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार घराच्या मूल्याच्या तुलनेत कर्जाची कमाल मर्यादा पुढीलप्रमाणे आहे :

* ३० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज : ९० टक्के
* ३० लाखांहून अधिक ते ७५ लाख रुपये : ८० टक्के
* ७५ लाख रुपयांहून अधिक : ७५ टक्के

उरलेली रक्कम कर्जदाराने स्वतः उभारायची असते. उदाहरणार्थ, २० लाख रुपयांचे कर्ज वार्षिक ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये होतो आणि मुदतीअखेर सुमारे २३ लाख रुपये केवळ व्याजापोटी भरले जातात.

परवानगीशी संबंध

स्वतःच्या भूखंडावर घर बांधण्यासाठी कर्ज देताना अर्जदाराच्या नावे मंजूर झालेल्या नकाशाची प्रत घेणे बँकांना रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. दिल्ली उच्च न्यायालयातील कल्याण संस्था प्रकरणानंतर ही अट आली. मंजूर नकाशाचे उल्लंघन करणार नाही आणि काम संपल्यावर तीन महिन्यांत पूर्णत्वाचा दाखला मिळवीन, असे प्रतिज्ञापत्र कर्जदाराला द्यावे लागते. अट न पाळल्यास संपूर्ण कर्ज व्याजासह परत मागण्याचा अधिकार बँकेला असतो.

बँकेचा वकील मालकीचा शोध अहवाल देतो आणि मूल्यांकनकार खर्चाचे अंदाजपत्रक तपासतो. सरफेसी अधिनियम, २००२ मधील वसुलीच्या तरतुदी शेतजमिनीला लागू होत नाहीत. बँका अकृषिक वापराच्या पुराव्याचा आग्रह धरतात, त्यामागे हे एक कारण आहे. तारण बहुधा मालकीचे दस्तऐवज बँकेकडे ठेवून दिले जाते. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते.

टप्प्याटप्प्याने वितरण

बांधकाम कर्जाची रक्कम एकदम मिळत नाही. जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांनंतर पाहणी करून ती दिली जाते आणि तोपर्यंत वितरित रकमेवरच व्याज आकारले जाते. सुरुवातीचा खर्च सामान्यतः कर्जदाराच्या स्वतःच्या वाट्यातून करावा लागतो. परवानगीचे शुल्क, पाया आणि कूपनलिका यांचा खर्च याच काळात येत असल्याने रोकड कमी पडण्याची शक्यता असते. काम थांबल्यास पुढचा टप्पा मिळत नाही, मात्र व्याज चालू राहते.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी बँकांना २०१२ पासून दंड आकारता येत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांचे असे नवे कर्ज रेपो दरासारख्या बाह्य मापदंडाशी जोडलेले असते.

शासकीय अनुदान

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) 'लाभार्थीद्वारे वैयक्तिक घरबांधणी' या घटकात आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाला केंद्राकडून १.५ लाख आणि राज्याकडून १ लाख, असे एकूण २.५ लाख रुपये अनुदान मिळत असे. योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. या घटकासाठी लाभार्थ्याकडे स्वतःची जागा असणे आवश्यक असते. त्यामुळे मालकीचा पुरावा नसलेली कुटुंबे त्यापासून दूर राहतात. राज्याच्या रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध, तर शबरी आदिवासी घरकुल योजनेतून अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना साहाय्य मिळते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण यांसारखे आदिवासीबहुल तालुके असलेल्या नाशिक जिल्ह्यात शबरी योजनेला विशेष महत्त्व आहे.

हेही पाहा

* नाशिक महानगरपालिका
* महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६
* चटई क्षेत्र निर्देशांक
* सातबारा उतारा
* प्रधानमंत्री आवास योजना
* राष्ट्रीय आवास बँक