रतनपूर आणि त्याची खेडी

रायपुरात स्थायिक झालेल्या आम्हा मराठी कुटुंबांना नागपूरकर भोसल्यांचे नाव अपरिचित नाही. परंतु छत्तीसगडात त्यांचे मुख्य ठाणे जेथे होते, ते रतनपूर चौबे कॉलोनीपासून काही तासांच्या वाटेवर असूनही आमच्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. बिलासपूरच्या उत्तरेस, तळ्यांच्या सोबतीने वसलेले ते आज एक लहानसे गाव आहे.

अकराव्या शतकात कलचुरी राजा रत्नदेव याने ते वसविले. त्या राज्याची खरी बैठक खेड्यांत होती. गावाचा प्रमुख गौंटिया, बारा गावांचा एक गट आणि परंपरेनुसार चौऱ्याऐंशी गावांचा एक गढ, अशी ती रचना होती. अठरा गढ रतनपूरकडे, तर अठरा रायपूरकडे होते.

१७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांची फौज आली, तेव्हा वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकात बुडालेला होता. किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, राणीने तटावर पांढरे निशाण उभारले आणि शहरावर एक लाख रुपये दंड बसला. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी मात्र रतनपुरातच राहून कारभार पाहिला. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. दसऱ्यास सोने वाटण्याची चालही त्यांनीच येथे रूढ केली, असे सांगतात.

१७८७ साली बिंबाजी निवर्तले. त्यानंतर व्यंकोजी भोसले नागपुरास राहिले आणि येथे सुभेदार आले. १७९० च्या सुमारास सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी जुने गढ मोडून सत्तावीस परगणे केले व त्यांवर कमाविसदार नेमले. पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थानिक अधिकारी बाजूस सरले. वसुलीची वाट नागपूरकडे वळली. १७९५ साली येथून गेलेल्या कॅप्टन ब्लंट या इंग्रज प्रवाशास रतनपुरात हजारेक झोपड्या दिसल्या आणि त्यांतील कित्येक ओस होत्या. १८१८ मध्ये कर्नल ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रायपुरास हलविले व रतनपूर मागे पडले.

आमच्या रायपूरचा उत्कर्ष अशा रीतीने रतनपूरच्या ऱ्हासाशी जोडलेला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी बिंबाजींच्या मंदिराचा अभिमान आम्ही अवश्य बाळगावा. परंतु तो दंड, ती वसुली आणि आपले गढ गमावलेली ती खेडी यांचेही स्मरण ठेवावे. ज्या भूमीने आम्हांस आपले मानले, तिच्याविषयी एवढी सचोटी आम्हांकडून अपेक्षित आहे.